निशाणी नांगर

निवृत्तीनंतर गावाकडे, निदान गावासारख्या कुठल्यातरी ठिकाणी, चार-पाच एकरांवर राहायला जायचं हे स्वप्न परदेशातल्या मराठी घरांना नवीन नाही. ते कोणी कोकणात बघतं, कोणी सह्याद्रीच्या पायथ्याशी, तर कोणी टेक्सासात किंवा वेल्समध्ये. नवीन आहे ती या स्वप्नाची पहिली पायरी. पूर्वी माणूस आधी जमीन बघायला जायचा, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं ते विचारायचा. आता बऱ्याचदा आधी लोगो होतो. एआयचं एखादं चित्र काढणारं यंत्र उघडायचं, ‘शेतघर, शांत जीवन, आंब्याचं झाड, नांगर’ असं इंग्रजीत लिहायचं, की अर्ध्या मिनिटात चार नमुने समोर हजर.

तुम्ही हे करून पाहिलं असेल, तर ते नमुने साधारण कसे होते ते न बघताही सांगता येईल. गोल चौकट. मागे उगवणारा सूर्य. खाली समांतर रेषांची नांगरट. एका बाजूला गव्हाची लोंबी, जरी तुम्ही भात किंवा ज्वारी मनात धरली असली तरी. लाल किंवा तपकिरी रंगाचं कोठार, जसं कोकणात कोणी बांधत नाही. नांगर मागितला असेल तर लोखंडी चाकाचा विलायती नांगर, नाहीतर ट्रॅक्टर. चित्र देखणं असतं, पण ते नक्की कोणाचं?

हा प्रश्न वाटतो तितका आजचा नाही. आपल्या भाषेत शेतकऱ्याच्या वैयक्तिक चिन्हाला शेकडो वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचं नावही तयार आहे: निशाणी. आज आपण ज्याला ‘पर्सनल लोगो’ म्हणतो, त्याच्या शेजारी ही जुनी निशाणी ठेवून बघितली, तर यंत्राकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, हे बरंच स्पष्ट होतं.

कागदावरचा नांगर

शिवकाळातले आणि पेशवाईतले मोडी कागद चाळले, तर वतनाच्या भांडणांत, मिरासपत्रांत आणि महजरांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. महजर म्हणजे गावच्या किंवा परगण्याच्या सभेनं दिलेल्या निवाड्याचा कागद. त्यावर हजर असलेल्या सगळ्यांची नावं असतात: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, बलुतेदार. कुलकर्णी स्वतः लिहिणारा, त्यामुळे त्याचं अक्षर हीच त्याची ओळख. पण ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या नावापुढे चित्र असे. पाटलाच्या नावापुढे बोरूच्या चार-पाच फटकाऱ्यांत काढलेला नांगर. शेट्याच्या नावापुढे तराजू. लढवय्या घराण्याच्या नावापुढे कट्यार. कारागिरांच्या निशाण्या त्यांच्या अवजारांवरून ठरलेल्या. नकला करताना चित्र काढणं शक्य नसलं, की लेखक शब्दांतच लिहून टाकत असे: ‘निशाणी नांगर’.

या नांगराच्या चित्राकडे जरा थांबून बघा. त्यात सूर्य नाही, झाड नाही, बैलसुद्धा नाहीत. एक उभी-आडवी रेघ, एक वाकडी रेघ. हळस, रुमणं आणि फाळ ओळखू आले की काम झालं. तो काढणाऱ्याला चित्रकला येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती. त्या रेघांचं काम डोळ्यांना सुखावणं हे नव्हतंच. ‘वर जे लिहिलं आहे ते मला मान्य आहे, उद्या वाद झाला तर मी उत्तर देईन’ एवढंच तो नांगर सांगत असे.

आणि त्या सांगण्याला किंमत होती. पाटिलकी ही विकता आणि वाटता येणारी गोष्ट होती. दोन भावांत किंवा विकणाऱ्या-घेणाऱ्यांत ती वाटली गेली, की मानपानाची यादी होत असे. होळीची पोळी कोणाची आधी, दसऱ्याचं सोनं कोणी आधी लुटायचं, विडा कोणाला पहिला. त्याच यादीत हेही असे की कागदावर कोणाचा नांगर वर आणि कोणाचा खाली. चिन्ह दोघांचं एकच, आकार एकच, भांडण जागेचं. आज आपण लोगो ‘इतरांपेक्षा वेगळा’ हवा म्हणून जिवाचं रान करतो. त्या माणसांना वेगळेपणाची फिकीर नव्हती. गावोगावच्या पाटलांचा नांगर सारखाच असून चालत असे, कारण त्याच्या आधी नाव होतं, गाव होतं आणि आजूबाजूला ओळखणारी माणसं होती.

या गोष्टीत एक काटा आहे आणि तो वगळून नांगराचं कौतुक करणं बरं नाही. ही निशाणी कोणी निवडलेली नव्हती. ती जन्मानं मिळत असे. नांगर कोणाचा, तराजू कोणाचा आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्याला काय, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. कागदावरच्या चिन्हांच्या क्रमात गावाची सगळी उतरंड दिसते. त्यामुळे ‘गावाकडे परत’ हे वाक्य सगळ्या मराठी माणसांच्या कानांना सारखं गोड लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर कडक टीका केली, ती याच अनुभवातून. महार वतन कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. ज्या घरांनी शिकून, शहरात येऊन आणि मग देश ओलांडून गावाच्या त्या उतरंडीतून सुटका करून घेतली, त्या घरातल्या मुलानं ‘गावाकडचं स्वप्न’ असा लोगो मागितला तर त्याचं चित्र वेगळं असणार. एआयला हा फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक वेळा आपण सांगतही नाही.

राजाची मुद्रा आणि रानातला दगड

त्याच काळात वरच्या पातळीवर चिन्हांची दुसरी तऱ्हा होती. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा तुम्हाला पाठ असेल. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, असं तिचं वर्णन तीच मुद्रा संस्कृतात करते. लक्षात घ्या, मुद्रेवर चंद्रकोर कोरलेली नाही, ती शब्दांत आहे. म्हणजे मुद्रा वाचणाऱ्यासाठी होती. पत्राच्या शेवटी ‘मोर्तब’ होई ते मजकूर तिथे संपला हे सांगायला, म्हणजे मागाहून कोणी खाली ओळ घुसडू नये म्हणून. मुद्रेचं देखणेपण खरं, पण तीही आधी कामाची वस्तू होती.

न वाचणाऱ्यांसाठी रानात दगड होते. यादव आणि शिलाहार काळातल्या दानाच्या दगडांवर वर सूर्य-चंद्र, मधे मजकूर आणि खाली गाढवाचं ते अश्लील चित्र असतं, म्हणूनच त्यांना गद्धेगाळ म्हणतात. सूर्य-चंद्राचा अर्थ, हे आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. गाढवाचा अर्थ, जो हे मोडेल त्याला ही शिवी. आज शेतघराच्या लोगोत हमखास येणारा सूर्य या दगडावरही आहे, फक्त तिथे तो प्रसन्न सकाळ दाखवायला आलेला नाही. तो साक्षीदार म्हणून उभा आहे.

नांगराच्या जागी अंगठा

ही निशाणी गेली कशी? एका दिवसात नाही. पण एक तारीख मात्र नोंदलेली आहे. २८ जुलै १८५८ रोजी बंगालात जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सहीबरोबर त्याच्या पूर्ण पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतू एवढाच की माणसानं उद्या ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये. पुढे बोटांच्या ठशांचं शास्त्र झालं, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी उभी राहिली आणि ठशांचं वर्गीकरण करण्याच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. कोर्टकचेऱ्यांतून, सावकाराच्या कागदांतून हळूहळू नांगराची जागा डाव्या अंगठ्यानं घेतली.

यात जमेची बाजू उघड आहे. अंगठ्याला जात नाही. तो पाटलाचाही तसाच उमटतो आणि मजुराचाही. पण काही हरवलंही. नांगर म्हणत होता की मी शेत करणारा आहे. अंगठा काहीच म्हणत नाही, तो फक्त देह पटवतो. निशाणी करणाऱ्याला ‘नांगरबहाद्दर’ म्हणून कोणी हिणवल्याचं ऐकिवात नाही. ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द मात्र मराठीत शिवीसारखा रुळला. त्याच अंगठ्यानं शेतकऱ्यांनी न वाचलेल्या कर्जरोख्यांवर ठसे दिले आणि जमिनी घालवल्या, ही गोष्ट आपल्या कादंबऱ्यांना आणि सिनेमांना पुरून उरली.

गंमत बघा, हर्शेलच्या कितीतरी आधी इंग्लंडात एका माणसानं अंगठ्याचा ठसा हौसेनं वापरला होता. थॉमस बिविक (१७५३–१८२८) हा नॉर्थम्बरलंडच्या खेड्यात वाढलेला लाकूडकोरीव चित्रकार. पक्ष्यांवरच्या त्याच्या पुस्तकात, पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत त्यानं काडेपेटीएवढी चित्रं कोरली: ओढे, कुंपणं, पावसात भिजणारी माणसं, भिकारी, लंगडे सैनिक. त्यातल्या एका चित्रात खेड्यातल्या घराच्या देखाव्यावर बोटाचा ठसा उमटलेला दिसतो, जणू छापताना कोणाचा शाईचा हात लागला. तोही त्यानं कोरलेलाच. पुढे १८१८ मध्ये इसापच्या गोष्टींच्या प्रतींबरोबर दिलेल्या पावत्यांवर त्यानं स्वतःचा अंगठा छापला आणि ही आपली निशाणी असं गमतीनं लिहिलं. वैयक्तिक लोगोचं यापेक्षा प्रामाणिक उदाहरण मिळणं कठीण आहे. एका बाजूला आवडतं गाव, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या बोटाची न पुसता येणारी खूण. शिवाय गाव गोड करून दाखवायचा मोह त्यानं टाळला. त्याच्या खेड्यात पाऊस माणसाला भिजवतो.

टेक्सासचा डाग

तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत, त्यांच्या शेजारीच या विषयाची आणखी एक जिती परंपरा आहे. आपण ‘ब्रँड’ हा शब्द साबणाला आणि मोबाइलला लावतो, पण त्याचं मूळ जाळणं, डागणं यात आहे. मोकळ्या कुरणांवर हजारो गुरं एकत्र चरायची तेव्हा तापलेल्या लोखंडानं कातड्यावर उठवलेला डाग हाच मालकीचा पुरावा होता. ही रीत स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आणली आणि टेक्सासच्या गुराख्यांनी तिची एक छोटी भाषाच केली. अक्षर आडवं पाडलं की ते ‘लेझी’, म्हणजे आळसावलेलं. खाली कमान दिली की ‘रॉकिंग’, झुलणारं. पंख दिले की ‘फ्लाइंग’. वाचायचं वरून खाली, डावीकडून उजवीकडे. किंग रँचचा ‘रनिंग डब्ल्यू’ हा नागमोडी डाग १८६९ मध्ये नोंदवला गेला आणि आजही चालू आहे.

सॅन अँटोनियोचा वकील सॅम्युएल मॅव्हरिक आपल्या वासरांना डागत नसे. त्यामुळे कुरणात बिनडागाचं वासरू दिसलं, की लोक ‘हे मॅव्हरिकचं’ म्हणू लागले आणि पुढे कळप सोडून चालणाऱ्या माणसालाही तोच शब्द लागला. डाग नसणं हेसुद्धा एक चिन्ह झालं.

टेक्सासात आजही डाग काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवावा लागतो, जनावराच्या अंगावर तो कुठे असेल तेही सांगावं लागतं आणि दर दहा वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते. नोंद नसेल तर तो डाग म्हणजे नुसतं चित्र. महजरावरच्या नांगरात आणि या डागात एवढं साम्य आहे: दोन्हींच्या मागे कुठेतरी वही आहे, आणि वहीच्या मागे उत्तर देणारा माणूस.

गाव चित्रात कसं गेलं

मग गावाचं चित्र जबाबदारीपासून सुटून स्वप्नाच्या बाजूला कधी गेलं? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्याचे टप्पे दिसतात.

१८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. पाहुणे दागदागिन्यांनी नटलेले. तिथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले आणि हीच या देशाची खरी रयत आहे, असं त्यांनी राजपुत्राला सुनावलं. त्याआधी काही वर्षं त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं होतं. पुस्तकाच्या नावातही अवजारच आहे, पण ते उगारलेलं. शेतकऱ्याचं रूप स्वतःवर घेण्याचा हा एक मार्ग होता: समोरच्याला अस्वस्थ करण्यासाठी.

दुसरा टप्पा १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा. देशात साक्षरता होती सुमारे १८ टक्के. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची जू घेतलेली बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांची कणसं आणि विळा. पुढे आपल्याकडे शेकापचा खटारा, १९७७ मध्ये जनता पक्षाचा चक्रातला हलधर. जवळजवळ सगळी राजकीय चिन्हं गावातून उचललेली, कारण मतदार गावात होता आणि त्याला ती वाचता येत होती. त्या बैलजोडीकडे बघणाऱ्याला घरच्या बैलांची नावं माहीत होती. तो चित्रात स्वप्न बघत नव्हता, ओळख शोधत होता.

तिसरा टप्पा वारलीचा, आणि तो परदेशातल्या मराठी मंडळांना फार जवळचा आहे. अधिवेशनाची स्मरणिका असो, दिवाळीचं निमंत्रण असो की मसाल्याची बरणी, ‘गावाकडचं’ म्हटलं की दोन त्रिकोणांची माणसं, बैलगाडी आणि तारपा येतातच. ही चित्रं मुळात डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर लिहीत, गेरूवर तांदळाच्या पिठानं. मधे चौक, चौकात पालघाट देवी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आणि शहरात आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी तिला जगभर नेलं आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण त्या चित्रांतली शेतं ज्यांची वाटतात त्याच वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं. जमिनी सावकारांकडे, राबणारे हे. आपल्या लोगोत ती त्रिकोणी माणसं नाचवताना एवढं आठवलं तरी पुष्कळ. निदान मानांकन असलेली कला वापरायची तर वारली चित्रकाराकडून काढून घ्यावी आणि त्याचे पैसे द्यावेत, हा साधा व्यवहार आहे.

यंत्र काय करतं

आता एआयकडे येऊ. मिडजर्नी जुलै २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, स्टेबल डिफ्यूजन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. अशी यंत्रं चित्र आठवून काढत नाहीत. सुरुवातीला फक्त ठिपक्यांचा गोंधळ असतो आणि तुमच्या शब्दांच्या दिशेनं तो पायरीपायरीनं साफ केला जातो. दिशा कुठून येते? कोट्यवधी चित्रं आणि त्यांखालच्या ओळी वाचून. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या लायन-५बी या संचात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यांतल्या साधारण २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या, आणि स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या मुख्यतः या इंग्रजी भागावर शिकल्या.

म्हणून गव्हाची लोंबी येते. म्हणून लाल कोठार येतं. इंग्रजीत ‘शेत’ म्हटल्यावर जगानं जेवढी चित्रं चढवली, त्यांचा तो मधला रंग आहे. यंत्राला तुमचं गाव माहीत नाही, त्याला ‘गाव’ या शब्दाची सरासरी माहीत आहे. आणि ज्याला आपण आपलं खाजगी स्वप्न समजतो ते सरासरीशी इतकं जुळतं, हे पाहून थोडं ओशाळायला होतं. पण त्यात यंत्राचा दोष कमी आणि आपल्या शब्दांचा जास्त. आपण ‘शांत’, ‘पारंपरिक’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असले शब्द देतो. या शब्दांना रेघ नसते. नांगराला असते.

दुसरी अडचण अक्षरांची. देवनागरी मागितली की कितीतरी यंत्रं अजून जोडाक्षरं तोडतात, मात्रा भलतीकडे लावतात, कधी देवनागरीसारखं दिसणारं पण काहीच न म्हणणारं अक्षर बनवतात. आपल्या नावाचं असं झालं की वाईट वाटतं. शिवाय ते पाटीवर गेलं तर येणारे-जाणारे हसतात.

तिसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत कॉपीराइट माणसाच्या निर्मितीलाच मिळतो, हे तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं मार्च २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं थेलर खटल्यात तेच धरलं. म्हणजे फक्त दोन ओळी लिहून यंत्राकडून घेतलेलं चित्र तसंच्या तसं कोणी उचललं, तर कॉपीराइटच्या जोरावर तुम्हाला फारसं काही करता येणार नाही. ट्रेडमार्कची गोष्ट वेगळी. तो हक्क चित्र कोणी काढलं यावर कमी आणि तुम्ही ते बाजारात खरोखर वापरता का यावर जास्त अवलंबून असतो. पुन्हा तोच जुना मुद्दा आला: चिन्हाला वजन येतं ते वापरानं आणि नोंदीनं.

मग लोगो कसा करायचा?

करावा. स्वप्नाला चित्र असण्यात वावगं काही नाही, आणि यंत्र हाताशी आहे तर वापरावं. पण क्रम उलटा करून बघा.

आधी कागदावर एक प्रश्न लिहा: त्या जमिनीत मी कशासाठी उत्तर देणार आहे? ‘सेंद्रिय जीवनशैली’ हे उत्तर नव्हे. ‘बांधावरची सात फणसाची झाडं’ हे उत्तर आहे. ‘आईकडून आलेलं वालाचं बियाणं’, ‘गाळ काढायची राहिलेली विहीर’, ‘दोन शेळ्या’ हीसुद्धा उत्तरं आहेत. जुन्या निशाणीत एकच वस्तू असे. तुम्हीही एकच घ्या.

मग ती वस्तू स्वतःच्या हातानं काढा. वाईट काढा, हरकत नाही. विहीर असेल तर तिच्यावर रहाट आहे की मोट होती, कठडा गोल की चौकोनी, हे ज्याला माहीत आहे त्याला फोन करून विचारा. नांगर असेल तर आपल्या भागातला. भाताच्या चिखलात फिरणारा हलका नांगर आणि काळ्या रानात चार-सहा बैलांनी ओढायचा जड लाकडी नांगर दिसायला वेगळे असतात. हा फोन बहुधा या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा भाग ठरेल.

यंत्राचं काम त्यानंतर. तुमची रेघ त्याला द्या आणि ती साफ करायला सांगा, लहान शिक्क्यात वाचता येईल का ते तपासायला सांगा, दोन रंगांत करून मागा. सूर्य काढून टाकायला सांगा, लोंबी काढून टाकायला सांगा, गोल चौकट काढून टाकायला सांगा. मागे काय उरतं ते बघा. नाव मात्र यंत्राकडून लिहून घेऊ नका. घरात ज्याचं देवनागरी अक्षर बरं आहे त्याच्याकडून लिहून घ्या. ते अक्षर वाकडं असेल तर कुलकर्ण्याचंही सगळ्या कागदांवर सरळ नव्हतं.

शेवटची गोष्ट चित्रापलीकडची आहे, पण तिच्याशिवाय हे सगळं अधांतरी राहतं. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. वारशानं आलेली जमीन मात्र ठेवता येते. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर कुळकायद्याचंही बंधन आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांसाठी गावाकडची जमीन ही विकत घेण्याची नव्हे, सांभाळण्याची गोष्ट आहे: भावंडांत न वाटलेली, चुलत्यांनी इतकी वर्षं कसलेली, वारस नोंद राहून गेलेली. लोगो करायच्या आधी त्या जमिनीचा सातबारा काढून बघा. नमुना सातमध्ये हक्क कोणाचा ते असतं, नमुना बारामध्ये त्या वर्षी शेतात काय पिकलं ते. तिथे तुमचं नाव असेल, तर जो नांगर इतकी वर्षं दुसऱ्या कोणी धरला त्याच्याशी आधी बोलून घ्या. लोगोच्या खाली त्याचंही नाव यावं का, आणि आलं तर वर कोणाचं आणि खाली कोणाचं, हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी पाटलांनाही पडला होता. त्यांनी तो चारचौघांत बसून, लिहून मिटवला.